काखेत ऑफसाइड, गावाला वळसा

ऑफसाइडचा नियम फुटबॉलच्या नियमावलीत अकराव्या क्रमांकावर आहे. साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी एखादा आक्रमक प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्याही पुढे असेल आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी आहे असे मानतात. नुसते तिथे उभे राहणे हा गुन्हा नाही. तिथून खेळात लुडबूड करणे हा गुन्हा. शरीराचे कोणते भाग मोजायचे हेही ठरलेले आहे: डोके, धड आणि पाय. हात मोजत नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही. (निदान करू नये, असा संकेत आहे.) हा नियम समजावून सांगणारा आणि समजून घेणारा, दोघेही साधारण तिसऱ्या वाक्याला ‘बरं, कळलं’ म्हणून विषय बदलतात.

इंग्लंडमध्ये १८६३ साली पहिली नियमावली झाली तेव्हा भानगड सोपी होती: चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक साथीदार बाद. त्यामुळे पुढे पास देण्याची सोयच नव्हती. १८६६ मध्ये नियम थोडा ढिला झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असले की चालेल असे ठरले. बचावपटूंनी यातून पळवाट काढली. ऐन वेळी दोन पावले पुढे सरकायचे आणि समोरच्याला उघड्यावर टाकायचे. न्यूकॅसल युनायटेडच्या बिल मॅक्रॅकनने ही कला इतकी वाढवली की सामने बघणे हे शिक्षेसारखे होऊ लागले. १९२५ साली तिनाचे दोन झाले. इंग्लिश लीगमध्ये आदल्या हंगामात ४,७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत ६,३७३ झाले. १९९० मध्ये आणखी एक सवलत मिळाली: बचावपटूच्या बरोबरीने उभा असलेला आक्रमक ऑफसाइड नाही. या सगळ्या दुरुस्त्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गोलपाशी तळ ठोकून बसलेला आयतोबा होता. सेंटिमीटर कोणाच्या मनात नव्हता, आणि असता तरी तो मोजणार कोण?

मोजायचे काम लाइन्समनकडे होते. पुढे त्याला ‘सहायक पंच’ अशी बढती मिळाली, काम तेच राहिले. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो क्षण पाहायचा आणि त्याच क्षणी तीस-चाळीस मीटर पलीकडे धावणाऱ्या दोघांपैकी पुढे कोण हेही पाहायचे. देवाने डोळे दोन दिले असले तरी ते एकाच दिशेला बघतात, याची दखल नियमावलीने कधी घेतली नाही. तरी हे लोक बहुतेक वेळा बरोबर असत. पण बरोबर निर्णयाची आठवण ठेवायला प्रेक्षकांना वेळ नसतो.

चुकीच्या निर्णयांची आठवण मात्र पिढ्यान् पिढ्या टिकते. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे स्विस पंच डिन्स्ट यांना दिसले नव्हते. त्यांनी सोव्हिएत संघातल्या अझरबैजानचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांना विचारले. बहरामोव्ह यांनी गोल दिला आणि इंग्लंड ४-२ ने जिंकले. जर्मनीत तो वाद अजून मिटलेला नाही. बाकू शहराने मात्र राष्ट्रीय स्टेडियमला बहरामोव्ह यांचेच नाव देऊन आपल्यापुरता मिटवून टाकला. १९८६ मध्ये मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. २००९ मध्ये पॅरिसला थिएरी हेन्रीने चेंडू हाताने सावरून गॅलाससमोर ठेवला आणि आयर्लंडचा विश्वचषक गेला. आयर्लंडने ‘बत्तिसांत आम्हाला तेहतिसावा संघ म्हणून घ्या’ अशी विनंती केली, ती फेटाळली गेली. फिफाने आयरिश संघटनेला ५० लाख युरो दिल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. हाताने झालेल्या गोलाची एवढी किंमत इतिहासात दुसऱ्या कोणाला मिळालेली नाही.

कडेलोट झाला तो २७ जून २०१० रोजी. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात दुपारी इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला. ते सगळ्या जगाला दिसले, पंचांना नाही. त्याच संध्याकाळी अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध ढळढळीत ऑफसाइड जागेवरून गोल केला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर त्याचे पुनर्दर्शन झाले आणि मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवू लागले. पण पडदा बघून निर्णय बदलण्याची मुभा नियमात नव्हती. मैदानावरच्या हजारो लोकांना जे माहीत होते ते अधिकृतपणे माहीत नसलेला एकच माणूस होता, आणि शिट्टी त्याच्याच हातात होती. त्यानंतर चेंडू गोलरेषेच्या आत गेला की नाही हे सांगणारे यंत्र २०१४ च्या विश्वचषकात आले. ऑफसाइड आणि पेनल्टीसाठी आणखी चार वर्षे लागली.

व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, या कल्पनेची पहिली गंभीर खटपट नेदरलँड्समध्ये झाली. नियम करणाऱ्या आयफॅब या मंडळाने २०१६ मध्ये चाचण्यांना परवानगी दिली, मार्च २०१८ मध्ये ही पद्धत नियमावलीत घेतली आणि जूनमध्ये ती रशियाच्या विश्वचषकात उतरली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवणे, एवढ्या चारच बाबतींत ढवळाढवळ करायची, तीही पंचांची ‘स्पष्ट आणि उघड’ चूक असेल तरच, असे ठरले. स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट आणि उघड म्हणजे कोणाला उघड, हे मात्र उघड केले नाही. रशियात हे व्हिडिओ पंच मॉस्कोतल्या एका बंद खोलीत पडद्यांपुढे बसत, पण अंगात मैदानावरच्या पंचांचा पूर्ण गणवेश असे. खुर्चीवरून उठायचे नसले तरी तयारीत कसर नको. त्या स्पर्धेत २९ पेनल्टी दिल्या गेल्या, तोवरचा हा उच्चांक होता. अंतिम सामन्यातही क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागलेला चेंडू पंच पिताना यांनी मैदानाकडेच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिला आणि फ्रान्सला पेनल्टी दिली.

आता मूळ दुखण्याकडे. ऑफसाइडला ‘स्पष्ट आणि उघड’ची अट लागू नाही. धक्का जोरात होता की हळू हे मत, पण पुढे कोण होते ही वस्तुस्थिती, आणि वस्तुस्थिती थोडीशी खरी नसते, असा युक्तिवाद आहे. तर्काला तो बिनतोड आहे. त्याचे फळ इंग्लंडच्या प्रीमिअर लीगला २०१९-२० च्या हंगामापासून मिळू लागले. हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्क इथल्या खोलीत बसलेले पंच चित्र थांबवून त्यावर रंगीत रेघा मारू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फर्मिनोने केलेला गोल रद्द झाला, कारण त्याची काख बचावपटूच्या पुढे होती. हात मोजत नाहीत, पण खांदा मोजतात. मग खांदा संपतो कुठे? पुढे आयफॅबनेच खुलासा केला की हाताची हद्द काखेच्या तळापासून सुरू होते. दीडशे वर्षांच्या खेळाला मानवी शरीराचा असा सरहद्द आयोग नेमावा लागला.

लीड्सच्या पॅट्रिक बॅमफर्डची गोष्ट याहून बोलकी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध धावता धावता त्याने हात लांब करून साथीदाराला खूण केली, ‘चेंडू इथे दे.’ चेंडू नेमका तिथे आला आणि त्याने गोल केला. रेघा मारल्यावर निघाले की खूण करणाऱ्या हाताचा वरचा भाग, म्हणजे खांद्यालगतचा मोजण्यातला तुकडा, बचावपटूच्या पुढे होता. गोल रद्द. पास कुठे हवा हे बोटाने दाखवणे ही लहान मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट; तिच्यासाठी शिक्षा झालेला बॅमफर्ड बहुधा पहिलाच.

रेघांचा बारीकपणा आणि चित्रांचा बारीकपणा यांचा मेळ बसत नाही, ही खरी गोम आहे. सामना टिपणारा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने सुटलेला आक्रमक सेकंदाला १० मीटर धावतो. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तो २० सेंटिमीटर सरकतो. ऑफसाइडचा सापळा लावायला बचावपटू तेवढ्याच वेगाने उलट दिशेला आला, तर दोघांतले अंतर ४० सेंटिमीटरने बदलते. चेंडूला पाय प्रथम लागला तो क्षण या चित्रात की पुढच्या, हे ठरवणारा माणूस बटण दाबून चित्र थांबवणार आणि मग मिलिमीटरचा निकाल देणार. गावाकडे बांधाच्या भांडणात सरकारी मोजणी येते, साखळी पडते, नकाशा उलगडतो आणि मोजणीदार एक बोट इकडे की तिकडे ते सांगून जातो. मग हद्दीचा मूळ दगड कोणी हलवला यावर नवी फिर्याद होते. इथला मूळ दगड म्हणजे ते थांबवलेले चित्र.

क्रिकेटने या बाबतीत जरा व्यवहार पाहिला. टीव्ही पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज म्हणजे सचिन तेंडुलकर, नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला, धावचीत. (यंत्राचा पहिला बळी मुंबईचा होता, ही नोंद मराठी माणसाने करून ठेवायला हरकत नाही.) पायचीतच्या बाबतीत भारतीय क्रिकेट मंडळाने यंत्राच्या अंदाजावर विश्वास ठेवायला २०१६ पर्यंत वेळ घेतला. पण तिथे ‘अंपायर्स कॉल’ नावाची गाळलेली जागा ठेवली आहे: यंत्राला काठावरचे नीट सांगता येत नसेल तर मैदानावरचा निर्णय कायम. प्रीमिअर लीगने २०२१-२२ पासून रेघा जाड केल्या आणि रेघा एकमेकींवर चढल्या तर आक्रमकाला मोकळे सोडले, तो त्याच शहाणपणाचा उशिरा आलेला अवतार.

२०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणा आली. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपलेले, आणि चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा संवेदक. यजमान कतारविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला. कशामुळे, ते स्टेडियममधल्या कोणालाच कळेना. बऱ्याच वेळाने पडद्यावर मातीच्या बाहुल्यांसारखी त्रिमितीय माणसे आली आणि एकीचा पाय पुढे दिसला. दोनच दिवसांनी सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पूर्वार्धात तीन गोल ऑफसाइड म्हणून गेले आणि सामनाही १-२ असा गेला. विश्वचषक शेवटी अर्जेंटिनानेच नेला, म्हणून यंत्रावर फार बालंट आले नाही.

यंत्रे हुशार झाली की चुका माणसांकडे राहतात, आणि त्या अधिक सुबक होतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला. सहायक पंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले. व्हिडिओ पंचाने चित्र तपासले. डियाझ ऑफसाइड नव्हता. तपासणी झटपट, अचूक. फक्त एक गोष्ट राहिली: मैदानावर गोल दिला आहे असा व्हिडिओ पंचाचा समज झाला होता. त्यामुळे ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप त्याने दिला. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ ‘तुमचे बरोबर आहे’ असा घेतला आणि गोल न देता फ्री किकने खेळ पुढे सुरू केला. दोघांनीही एकमेकांना दुजोरा दिला, दोन वेगळ्या निर्णयांसाठी. खोलीतल्या चित्रे चालवणाऱ्या तंत्रज्ञाने ‘हे चालेल ना?’ अशी शंका काढली तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. पण खेळ सुरू झाला होता, आणि एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही असा नियम आहे. लिव्हरपूल अखेर भरपाईच्या वेळेतल्या स्वयंगोलाने १-२ हरले. पंचांच्या संस्थेने नंतर खोलीतले संभाषण प्रसिद्ध केले. एका शब्दाची चूक टाळण्यासाठी निरोप देण्याची नवी पद्धत ठरली. निर्णय आधी स्वच्छ शब्दांत बोलून दाखवायचा, असे त्यात होते. हे बिनतारी संदेशवहनाच्या पहिल्या धड्यात असते.

वेळेचे गणितही माणसांनी रंजक केले आहे. एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीत माइंझ आणि फ्रायबर्गच्या सामन्याचा पूर्वार्ध संपला, खेळाडू आत गेले, आणि मग व्हिडिओ पंचाला पेनल्टी सापडली. फ्रायबर्गच्या खेळाडूंना ड्रेसिंग रूममधून परत बोलावले, माइंझने गोल केला आणि सगळे पुन्हा विश्रांतीला गेले. उत्तरार्ध लांबला तो वेगळ्याच कारणाने: सोमवारी सामने ठेवण्याच्या निषेधार्थ प्रेक्षकांनी मैदानात टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रायटनला तर शेवटची शिट्टी वाजल्यावर मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी मिळाली आणि संपलेला सामना ते ३-२ ने जिंकले. मार्च २०२५ मध्ये बोर्नमथ आणि वुल्व्हज यांच्या एफए कप सामन्यात एका गोलाच्या तपासणीला आठ मिनिटे लागली. गोलसमोरच्या गर्दीत नव्या यंत्रणेला माणसे वेगळी काढता येईनात, म्हणून पंचांनी जुन्या पद्धतीने हाताने रेघा मारल्या. गोल शेवटी रद्दच झाला.

प्रेक्षकांची तक्रार सेंटिमीटरची नाहीच. एप्रिल २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत भरपाईच्या वेळेत स्टर्लिंगने गोल केला आणि मँचेस्टर सिटी उपांत्य फेरीत पोहोचली. प्रशिक्षक ग्वार्डिओला मैदानाच्या कडेने उड्या मारत धावत सुटले. मग पडद्यावर तपासणीची पाटी आली आणि त्याआधी अग्वेरो ऑफसाइड होता असे ठरले. ग्वार्डिओला गुडघ्यांवर बसले. पलीकडे टॉटनहॅमचे पोचेटिनो, जे क्षणापूर्वी उद्ध्वस्त होते, ते नाचू लागले. निर्णय बरोबर होता, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. पण त्यानंतर गोल झाल्यावर आनंद करायचा की निकालपत्राची वाट बघायची, हा पेच मैदानात बसलेल्याच्या पदरी कायमचा आला. तिकीट काढून आलेल्याला पुनर्दर्शन बहुतेकदा दिसत नाही, घरी सोफ्यावर बसलेल्याला सहा बाजूंनी दिसते. एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या कॉव्हेंट्रीने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध वेम्बलीवर ०-३ वरून ३-३ केले आणि अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या क्षणी चौथा गोलही केला. आधीच्या पासच्या वेळी एका साथीदाराचा पाय नखभर पुढे निघाला. कॉव्हेंट्री पेनल्टींवर हरले.

विरोधाची तऱ्हा देशोदेशी वेगळी. स्वीडनमध्ये क्लबांवर सभासदांची मालकी असते. सभासदांनी नको म्हटले आणि २०२४ मध्ये तिथल्या संघटनेने व्हीएआरचा नाद सोडला. नॉर्वेत २०२४ च्या जुलैत रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम यांच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि माशाच्या वड्या फेकल्या, इतक्या की सामना सोडून द्यावा लागला. तरीही पुढल्या वर्षी राष्ट्रीय संघटनेच्या सभेत व्हीएआर टिकले. इंग्लंडमध्ये वुल्व्हजने जून २०२४ मध्ये ते रद्द करण्याचा ठराव मांडला. मतदान १९ विरुद्ध १ झाले, आणि तो १ कोण हे शोधायला व्हिडिओ लागला नाही.

भारतात इंडियन सुपर लीगमध्ये उलटा प्रकार झाला. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूत अतिरिक्त वेळेत सुनील छेत्रीने केरळचे खेळाडू भिंत रचत असतानाच फ्री किक मारून गोल केला. केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच आपला संघ घेऊन चालते झाले. त्यापायी क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड झाला, आणि इथेही व्हिडिओ पंच हवा अशी मागणी जोरात आली. अडचण खर्चाची: भरपूर कॅमेरे, खोली, प्रशिक्षित माणसे. त्यासाठी एक स्वस्त तोडगाही चाचणीत आहे. त्यात कायमचा व्हिडिओ पंच नसतो. प्रशिक्षकाने सामन्यात दोनदा दाद मागायची आणि पंचाने मैदानाकडेच्या पडद्यावर पाहून ठरवायचे. क्रिकेटच्या प्रेक्षकाला हे नव्याने शिकवावे लागणार नाही.

ऑफसाइडचा नियमच बदलावा, अशीही सूचना आहे. माजी डच खेळाडू व्हॅन बास्टेन यांनी २०१७ मध्ये तो पूर्णच काढून टाकावा असे सुचवले होते. ते कोणी फार मनावर घेतले नाही. फिफात विकासाचे काम पाहणारे आर्सेन वेंगर यांची सूचना जास्त गंभीर आहे. आक्रमक आणि बचावपटू यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा दिसली तरच ऑफसाइड. शरीराचा कुठलाही मोजण्याजोगा भाग बचावपटूच्या बरोबरीने असेल तर आक्रमक मोकळा. काख, खांदा आणि पुढचे नख या सूचनेने सुटतील. मग आक्रमकाची मागची टाच बचावपटूच्या बुटाच्या टोकापासून सुटली की नाही, हे पाहण्यासाठी त्याच बारा कॅमेऱ्यांची दिशा बदलावी लागेल.